अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवलेले पालक, टेनिस किंवा ॲथलेटिक्सच्या शिष्यवृत्तीसाठी धडपडणारी मुलं आणि तिकडे राहायला गेल्यावर कॉलेज फुटबॉल बघायला लागलेली आपली माणसं, या सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ होणार नाही. पैसे मिळायलाच हवेत, आणि किती मिळणार हे ठरवताना खेळाडू टेबलाशी बसलेले हवेत. (इथे फुटबॉल म्हणजे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल.)

कॉलेजच्या खेळात असा किती पैसा असणार?

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा डोळ्यांसमोर असतील तर अंदाजच येत नाही. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांच्या वर आहे. तीन वानखेडे भरतील आणि तरी माणसं उरतील. मार्च महिन्यातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांतून 'एनसीएए' या मध्यवर्ती संघटनेला वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर मिळतात. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या एकाच गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा टीव्ही करार केला.

हा पैसा जातो कुठे? बहुसंख्य राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस हा गव्हर्नर नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना मुदतीआधी काढलं, तेव्हा कराराप्रमाणे त्यांना साडेसात कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम देणं निघालं. काम थांबवण्याचे साडेसात कोटी. त्याच मैदानावर डोकी आपटून घेणाऱ्या मुलांना तेव्हा विद्यापीठाच्या तिजोरीतून पगार म्हणून एक डॉलरही मिळत नव्हता.

पण आता पैसे मिळतात ना?

मिळतात. साधारण तीन वाटांनी.

पहिली वाट जुनीच, शिष्यवृत्तीची. दुसरी 'एनआयएल'ची, म्हणजे स्वतःचं नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याचा मोबदला: जाहिराती, स्वाक्षऱ्या, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, उन्हाळी शिबिरं. ही १ जुलै २०२१ पासून खुली झाली. तिसरी १ जुलै २०२५ पासूनची. आता विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतं. २०२५-२६ साठी या वाट्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. ही मर्यादा सगळ्या खेळांच्या सगळ्या खेळाडूंना मिळून आहे, आणि 'देऊ शकतं' म्हणजे 'द्यावंच लागतं' असं नाही.

फुकट शिक्षण मिळतं, ते पुरेसं नाही का?

हा प्रश्न आपल्याकडचे पालक हमखास विचारतात, आणि तो रास्तच आहे. अमेरिकेतली फी आपण रुपयांत मोजतो तेव्हा छातीत धस्स होतं. चार वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती ही मोठी गोष्ट आहे.

पण ती कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळते हे बघायला हवं. एनसीएएच्या छत्राखाली अकराशेच्या आसपास कॉलेजं आणि पाच लाखांहून जास्त खेळाडू आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळत नाही. टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्समध्ये अर्धी-पाव शिष्यवृत्ती वाटून देण्याची जुनी पद्धत आहे. एनसीएएच्या तीन विभागांपैकी तिसऱ्यातल्या कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्तीच नसते. शिवाय १९७३ पासून जवळजवळ चार दशकं शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे. गुडघा गेला किंवा प्रशिक्षकाच्या मनातून उतरलात, तर पुढच्या वर्षी ती मिळेलच याची खात्री नसायची.

आणि वेळेचं काय? हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा कागदावर आहे. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला, तेव्हा कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने साक्षीपुरावे तपासून नोंदवलं की ही मुलं हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉलला देतात. एवढ्या तासांची नोकरी करून वर इंजिनिअरिंगची डिग्री काढून बघा म्हणजे कळेल.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर राष्ट्रीय विजेतेपद जिंकत असताना पत्रकारांना सांगून गेला की काही रात्री तो उपाशी झोपतो. मेसच्या वेळा संपलेल्या असायच्या आणि खिशात पैसे नसायचे. काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची बंधनं उठवली. देशभर लाखो लोक ज्याचा खेळ बघतात त्या मुलाला पोटभर जेवू घालायला नियम बदलावा लागला, ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही.

मग इतकी वर्षं पैसे का दिले नाहीत?

हौशी खेळाचं पावित्र्य, असं उत्तर मिळतं. पण त्यामागे नुकसानभरपाईची भीतीही होती. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. मागे बायको आणि लहान मुलं. नवरा कॉलेजचा कामगार होता असं म्हणून बायकोने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण काय तर कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी 'विद्यार्थी-खेळाडू' हे बिरुद सगळीकडे रूढ केलं, म्हणजे कोणी या मुलांना नोकर म्हणायला नको. निवृत्तीनंतर याच बायर्स यांनी आपणच उभी केलेली व्यवस्था खेळाडूंवर अन्याय करते असं जाहीरपणे लिहिलं.

हे बदललं कसं?

कोर्टाच्या पायऱ्या चढून. संघटनेने मनाने काहीच सोडलेलं नाही.

एड ओबॅनन हा यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल संघाचा नायक. पुढे तो लास व्हेगासमध्ये गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करत होता. एकदा मित्राच्या घरी गेला असता मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता, आणि पडद्यावर यूसीएलएचा ३१ नंबरचा डावखुरा खेळाडू धावत होता. नाव नव्हतं, बाकी सगळा ओबॅननच. गेम विकून पैसे कमावणाऱ्यांत तो सोडून सगळे होते. २००९ मध्ये त्याने खटला भरला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. अपिलात त्यातला काही भाग गळला, पण शिष्यवृत्तीत राहण्या-खाण्याचा आणि रोजचा खरा खर्च धरण्याची वाट पक्की झाली. या भानगडीत तो कॉलेज फुटबॉलचा गेमही बंद पडला. २०२४ मध्ये तो परत आला, तेव्हा दहा हजारांहून जास्त खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ करून त्यांची रीतसर परवानगी घेतली गेली. रक्कम फार नाही, पण या वेळी विचारलं तरी.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूंना जाहिरातीतून कमावण्यापासून कॉलेजं अडवू शकणार नाहीत. बाकी राज्यंही मागे लागली. जून २०२१ मध्ये 'ऑल्स्टन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल दिला: शिक्षणाशी संबंधित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा स्पर्धा कायद्याचा भंग करतात. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून आणखी पुढे जात बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहाच दिवसांत एनआयएल सुरू झालं.

शेवटचा मोठा टप्पा 'हाऊस' खटल्यातली तडजोड. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाऊस याच्या नावाचा हा खटला. ६ जून २०२५ रोजी त्याच न्यायाधीश विल्केन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि पुढे उत्पन्नात वाटा.

या सगळ्यात फुटबॉलपटू रेजी बुशचं नाव राहून जाऊ नये. सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारा २००५ चा हाइझमन पुरस्कार त्याला २०१० मध्ये परत करावा लागला, कारण खेळत असताना त्याच्या कुटुंबाने बाहेरून पैसे-सवलती घेतल्या असं चौकशीत ठरलं. २०२४ मध्ये तो त्याला परत मिळाला. मधली चौदा वर्षं कोणी भरून देणार नाही.

एनआयएल म्हणजे जाहिरातीच ना? मग त्यावर एवढी तक्रार का?

जाहिरात खरी असेल तर काहीच तक्रार नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) जिम्नॅस्ट लिव्ही डन किंवा आयोवाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क यांनी कॉलेजात असताना मोठ्या ब्रँडांबरोबर काम केलं, ते त्यांच्या लोकप्रियतेचं मोल होतं. जिम्नॅस्टिक्सला तर डिग्रीनंतर मोठी व्यावसायिक लीगही नाही. लिव्हीने कमवायचं तर नेमकं तेव्हाच.

घोळ झाला तो 'कलेक्टिव्ह'मुळे. विद्यापीठाचे धनाढ्य माजी विद्यार्थी वर्गणी काढून निधी उभारतात आणि 'एनआयएल' असं लेबल लावून खेळाडूंना त्यातून पैसे देतात. जाहिरात नावापुरती, खरा सौदा संघात येण्याचा. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकचं (फुटबॉल संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूचं) प्रकरण बघा. फ्लोरिडा विद्यापीठाशी जोडलेल्या अशा कलेक्टिव्हबरोबर त्याचा १ कोटी ३० लाख डॉलरहून मोठा करार झाला होता, तो फिसकटला, आणि २०२४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. शाळा संपवणाऱ्या पोराने कोणाच्या शब्दावर घर बदलायचं?

आता ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा प्रत्येक करार 'एनआयएल गो' या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. खरा व्यावसायिक हेतू आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे तिथे तपासतात. तपासणी हवीच. पण प्रशिक्षकाच्या पगाराला बाजारभाव लावताना अशी तपासणी कोणी करत नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

पैसे आले की मुलं अभ्यास सोडतील, बिघडतील?

काही बिघडतील. शिक्षण शुल्क भरायला वडिलांनी मोठी रक्कम दिलेली मुलंही बिघडतात, म्हणून कोणी श्रीमंतांच्या मुलांना कॉलेजात बंदी घालत नाही. संगीताच्या विद्यार्थ्याने कार्यक्रमाचं मानधन घेतलं तर त्याची शिष्यवृत्ती जात नाही. खेळाडूलाच वेगळा न्याय का? उलट व्यावसायिक खेळात पोचणारे फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये शंभरात दोनही नसतात. बाकीच्यांसाठी कॉलेजची ही दोन-चार वर्षं हीच कमाईची सगळी उमेद.

फुटबॉलवाल्यांना पैसे दिले तर बाकीचे खेळ बंद पडणार नाहीत का? आणि मुलींचं काय?

माझ्या मते सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे.

बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल कमावतात, आणि त्यावर पोहणं, कुस्ती, रोइंग, टेनिस, ॲथलेटिक्स चालतात. अमेरिकेचे ऑलिंपिकपटू घडतात ते याच खेळांच्या कॉलेज संघांतून. तिथल्या केंद्र सरकारचं आपल्यासारखं क्रीडा खातं नाही, विद्यापीठंच ते काम करतात. आता दोन कोटी डॉलर खेळाडूंना द्यायचे तर ते कुठून तरी काढावे लागणार, आणि कुऱ्हाड सगळ्यांत आधी कमी गर्दीच्या खेळांवर पडते. हाऊस तडजोडीत शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंच्या संख्येची आली. फुटबॉलला १०५. शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेने संघात सराव करणाऱ्या मुलांच्या जागा यात गेल्या. न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली होती. मग ज्यांच्या जागा जाणार होत्या त्यांना मर्यादेबाहेर ठेवायची मुभा मिळाली.

मुलींचा प्रश्न कायद्याचा आहे. १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा सांगतो की केंद्राची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. मुलींचे कॉलेज संघ उभे राहिले ते याच कायद्याच्या जोरावर. आता बऱ्याच मोठ्या विद्यापीठांचं वाटप साधारण असं: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने सांगितलं होतं की या वाटपालाही समानतेचा नियम लागू होतो. पुढच्याच महिन्यात नव्या प्रशासनाने ते मागे घेतलं. मागच्या भरपाईच्या वाटपाविरुद्ध आठ महिला खेळाडूंनी अपील केलं.

ज्याचं तिकीट खपतं त्याला जास्त, हे तत्त्व मी पूर्ण झिडकारत नाही. पण महिलांच्या खेळाला पन्नास वर्षं वेळ, टीव्ही आणि पैसा कमी दिला आणि आता म्हणायचं की त्यांना प्रेक्षक कमी आहेत, हे चालणार नाही. २०२४ च्या महिला बास्केटबॉल अंतिम सामन्याला टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक होते. संधी मिळाली की काय होतं ते दिसलं.

आणि पैसा नाही म्हणून खेळ बंद, हे कारण ऐकलं की प्रशिक्षकांचे करार, त्यांना काढतानाच्या रकमा आणि नव्या लॉकर रूमचा खर्च आधी टेबलावर मांडायला सांगावं.

छोट्या कॉलेजांनीही पैसे द्यायचे का?

नाही. जिथे तिकीट नाही, टीव्ही नाही, शिष्यवृत्ती नाही, तिथे खेळ खराखुरा हौशी आहे आणि तसाच राहावा. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि हाऊसच्या वाटपातूनही ती बाहेर राहिली. तरी त्यांतल्याच डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला होता. वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला.

मग तुमच्या मते पैसे कसे द्यावेत?

तीन गोष्टी, याच क्रमाने.

आधी दुखापत. मैदानावर झालेल्या इजेचा खर्च खेळाडू कॉलेज सोडून गेल्यावरही संस्थेने करायला हवा. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या विभागात निदान दोन वर्षं तो करणं बंधनकारक झालं. मेंदूला बसलेला मार आणि झिजलेले सांधे दोन वर्षांत हिशेब मिटवत नाहीत. एक डॉलर वाटण्याआधी ही मुदत वाढवा.

मग वाटाघाटी. उत्पन्नातल्या वाट्याची मर्यादा आज वकिलांनी आणि न्यायालयाने ठरवली आहे. ज्या खेळात व्यावसायिक लीगसारखा पैसा आहे, तिथे खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना हवी आणि तिने पगार, तास, बदलीचे नियम आणि शिस्त यांवर करार करावा. एनबीए आणि एनएफएल या बास्केटबॉल-फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्येही पगाराला मर्यादा आहेत, पण त्या खेळाडूंच्या संघटनांनी सही करून मान्य केल्या आहेत. म्हणून त्या कोर्टात टिकतात, आणि म्हणूनच एनसीएएचे एकतर्फी नियम एकामागून एक पडत आले. विद्यापीठं आज रोज नव्या खटल्याची तक्रार करतात. औषध त्यांच्याच हातात आहे.

तिसरं, डिग्री. खेळण्याची मुदत संपल्यावर परत येऊन शिक्षण पूर्ण करायचा हक्क करारात लिहिलेला हवा.

म्हणजे खेळाडूंना नोकर मानायचं?

मोठ्या कमाईच्या खेळांत, होय. यात कायद्याच्या अडचणी आहेत. नॉर्थवेस्टर्नच्या प्रकरणात २०१५ मध्ये केंद्रीय कामगार मंडळाने हात झटकले ते याच कारणाने: कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवरच्या सुमारे सव्वाशे संघांपैकी फक्त १७ खासगी विद्यापीठांचे होते, आणि सरकारी विद्यापीठांवर मंडळाचा अधिकारच चालत नाही. जुलै २०२४ मध्ये अपील न्यायालयाने 'जॉन्सन' खटल्यात म्हटलं की कॉलेज खेळाडू किमान वेतन कायद्याखाली नोकर ठरू शकतात. एनसीएए मात्र ते नोकर नाहीत असा कायदा करून द्या म्हणून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मागे लागली आहे. असा कायदा झाला तर सगळी लढाई पुन्हा १९५७ वर जाईल.

भारतातून गेलेल्या खेळाडूंना हे पैसे मिळतात का?

पालकांनो, हे उत्तर नीट वाचा.

आपली मुलं या वाटेने बरीच गेली आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून दोनदा एनसीएए एकेरीचा विजेता झाला. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडी जिंकला. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून टेनिस खेळली आणि पुढे रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली.

शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्याला घेता येते, त्यात अडचण नाही. अडचण एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची आहे. त्यावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं, आणि बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. दुकानात जाऊन स्वाक्षऱ्या देणं, जाहिरातीचं शूटिंग करणं हे काम धरलं गेलं तर व्हिसाच धोक्यात येतो. केंटकीचा ऑस्कर शिबवे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला. तो मूळचा काँगोचा, एफ-१ वर. संघ बहामाजच्या दौऱ्यावर गेला तेव्हा अमेरिकेच्या हद्दीबाहेर त्याने आपली एनआयएलची कामं उरकून घेतली. खेळाचा सर्वोच्च मान मिळवलेल्या मुलाला हक्काची कमाई करायला समुद्र ओलांडावा लागला. उद्या खेळाडू नोकर ठरले तर वीस तासांचं बंधन आणि सरावाचे तास यांची टक्कर होईल, तेव्हा व्हिसाच्या नियमातही बदल करावा लागेल.

म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. संघातल्या अमेरिकन मित्राने केलं म्हणून आपणही केलं, असं करू नका.

टेनिसवाल्यांसाठी आणखी एक. बक्षिसाच्या रकमेचे नियम वेगळे आहेत. नॉर्थ कॅरोलायनाची रीस ब्रँटमायर हिने २०२१ च्या यूएस ओपनमध्ये मिळवलेल्या सुमारे ४९ हजार डॉलरपैकी बरीचशी रक्कम या नियमांमुळे तिला घेता येत नव्हती. २०२४ मध्ये तिने एनसीएएवर खटला भरला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) स्पर्धा खेळणाऱ्या मुलांनी प्रत्येक बक्षिसाची आणि प्रवासखर्चाची पावती जपून ठेवावी.

हे पैसे करमुक्त असतात का?

नाही. फी आणि पुस्तकांपुरती शिष्यवृत्ती साधारणपणे करमुक्त असते. राहण्या-खाण्याचा भाग, एनआयएल आणि उत्पन्नाचा वाटा यांवर कर लागतो. एनआयएलचे पैसे बहुधा स्वतंत्र व्यावसायिकाला देतात तसे, कर न कापता हातात येतात. पहिल्या वर्षी सगळे खर्च करून टाकणाऱ्या मुलाला एप्रिलमध्ये बिल येतं. मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवायची सवय चांगली.

करारात काय बघायचं?

मुदत, संघ बदलल्यास पैसे परत करायची अट, दुखापत झाल्यास हप्ते चालू राहतात का, आणि नाव-छबी किती काळासाठी लिहून देतोय. यातलं शेवटचं कलम नीट वाचा. कॉलेज संपल्यावरही हक्क समोरच्याकडेच राहतील असं लिहिलेलं असेल, तर सही करू नका. एजंटाचं कमिशन किती टक्के आणि कशावर, हेही लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला तिथे शून्य किंमत आहे. ते देणारा प्रशिक्षक पुढच्या हंगामात दुसऱ्याच विद्यापीठात गेलेला असू शकतो.